न पाझरलेली बरणी

पंचवटीच्या बाजारात कैऱ्यांचे ढीग लागले की मला लाज वाटायला लागते. वाचायला विचित्र वाटेल, पण माझं तसं होतं खरं. बाकीच्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, कुणाला सुट्ट्या आठवतात, कुणाला माहेर. मला मात्र अडकित्त्याखाली कैरी फुटल्याचा आवाज आला की मान खाली घालावीशी वाटते. कैऱ्या फोडून देणारी बाई विचारते, "ताई, फोडी मोठ्या का बारीक?" आणि मी गडबडून "कशाही चालतील" म्हणते. लोणच्याच्या फोडी कशाही चालतील म्हणणारं गिऱ्हाईक तिला वर्षभरात मी एकटीच भेटत असेन.

पिशव्या घेऊन नाशिक रोडला घरी यावं (आई-वडील आता माझ्याकडेच असतात), तर आईनं तोवर माळ्यावरून मोठी बरणी उतरवून घेतलेली असते. चिनी मातीची, खाली पांढरट आणि खांद्यापासून वर तपकिरी. आई तिला धुते, दिवसभर गच्चीवर उन्हात ठेवते, मग निखाऱ्यावर हिंग टाकून आतून धुरी देते. वय झालंय, गुडघे बोलतात, पण हे काम ती माझ्या हातात देत नाही. फोडी, मोहरीची डाळ, मीठ, हळद, गार केलेलं तेल, सगळं तिच्या मनासारखं भरून झालं की तोंडावर स्वच्छ फडक्याचा दादरा बांधते आणि बरणी कोपऱ्यात सरकवते. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेवढ्यात आत डोकावून हमखास म्हणतात, "त्या तडकलेल्या बरणीत कशाला घालता? एवढ्या काचेच्या पडल्यात घरात." आई हात धुते.

बरणी तडकलेली आहे हे अण्णांनीच ठरवलं होतं. ज्या कारखान्यात ती तयार झाली तिथे अण्णा माल तपासायचे. पण इतकी वर्षं तिच्यात लोणचं मुरतंय आणि खाराचा एक थेंब कधी बाहेर आला नाही. म्हणजे ती तडकलेली नव्हती. ती ज्या भट्टीतून निघाली त्या भट्टीतल्या आणखी कितीतरी बरण्या तडकलेल्या नसणार. त्या सगळ्या फोडून टाकल्या गेल्या, आणि ठपका आला तो भट्टी लावणाऱ्या रंगनाथकाकांवर. रंगनाथकाका आहेत अजून. सातपूरला मुलाकडे राहतात. भट्टी आपल्या हातून बिघडली असं ते वर्षानुवर्षं म्हणत आले. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि मी त्यांना कधी सांगितलं नाही. माझी लाज ती एवढीच आहे, पण दर उन्हाळ्यात ती कैऱ्यांच्या पिशवीतून घरात येते.

तो कारखाना सातपूरच्या कडेला होता. आता तिथे इमारती झाल्यात. मध्यंतरी एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला जायचा योग आला, तर फाटकाच्या दोन्ही बाजूंना शोभेच्या दोन बरण्या उभ्या केलेल्या. माणसाच्या उंचीच्या, फायबरच्या. हल्ली जुन्या धंद्याचा मान राखायची ही रीत आहे म्हणे. मी जवळ जाऊन बोटाचं पेर वाकवून एकीवर टकटक केलं. वॉचमन माझ्याकडे बघत राहिला. आत जेवताना आग्रह झाला, पण माझं लक्ष जेवणात नव्हतं. आपण बसलोय ती जागा मातीच्या हौदांची की कोळशाच्या ढिगाची, याचाच मी हिशेब लावत होते.

लहानपणी मला सगळा कारखाना वासांवरून पाठ होता. फाटकातून आत गेलं की ओल्या मातीचा गार वास यायचा. कोकणातून ट्रकने आलेली पांढरी माती हौदात भिजत पडलेली असे. पुढे गेलं की झिलईचा वास, त्याला लोखंडाच्या पाण्यासारखी चव असायची. वास असून चव कशी म्हणाल, पण ती जिभेवर यायची. मग भाताच्या पेंढ्याचा वास, कारण तयार माल त्यात बांधायचा. आणि सगळ्यावर कोळशाचा धूर. एका बाजूला भली मोठी लोखंडी पिंपं गारगोट्यांसकट फिरत असत, त्यांत माती दळली जाई. त्यांचा घडघडाट असा की भिंतीला टेकून बसलं तर पाठीतून आत शिरायचा. त्या भिंतीच्या अलीकडे अण्णांची जागा होती. पाट, पाटावर गोणपाट, आणि हातात लाकडाची छोटी टिपरी.

भट्टीतून निघालेली प्रत्येक बरणी अण्णांपुढून जायची. डाव्या हाताने तोंडाशी धरून ते तिला जरा उचलत आणि टिपरीनं हलकेच वाजवत. खणखणीत वाजली तर उजवीकडे, बद्द वाजली तर डावीकडे. डोळ्यांना न दिसणारी चीर आवाजात सापडते. हे काही गुपित नाही, आपल्या सगळ्या बायका माठ आणि बरण्या वाजवूनच घेतात. पण अण्णांच्या कानाचा बोलबाला होता. आमच्या कामगार कॉलनीतल्या बायका दुकानातून आणलेली बरणी आधी आमच्या ओट्यावर आणत. "अण्णा, जरा वाजवून द्या की." अण्णा वर्तमानपत्र बाजूला ठेवत, गंभीर चेहरा करत, टकटक करत आणि मान हलवत. ती मान कुठल्या दिशेला हलते याकडे बायकांचे डोळे लागलेले असायचे. मी पायरीवर बसून बघायची. आपला बाप मोठा माणूस आहे असं मला तेव्हा वाटायचं.

बाद माल फोडायचा, हा तिथला रिवाज होता. कारखान्याच्या मागे एक जाड दगडी भिंत होती. डावीकडे काढलेल्या बरण्या गाड्यावर घालून तिथे न्यायच्या आणि एकेक भिंतीवर आपटायची. कारण बाद बरणी बाहेर गेली तर बाजारात कुणीतरी ती चांगली म्हणून विकणार, कुणाचं तरी वर्षाचं लोणचं वाया जाणार आणि नाव जाणार कारखान्याचं. फोडण्याआधी कामगाराला हंगामात एखादी बरणी घरी न्यायची मुभा होती, डाळी-साळी ठेवायला. ओलं काही त्यात घालायचं नाही असा दंडक. त्यामुळे कॉलनीतल्या प्रत्येक घरात एक तरी बाद बरणी होती, आणि पाहुण्यांसमोर ती कुणी काढत नसे.

वाजवून बघायची खोड आम्हाला सगळ्यांनाच जडली. मी अजून कुणाकडे चहाला गेले की बशी टेबलावर ठेवताना तिचा आवाज ऐकते. माझं लग्न ठरायच्या वेळची गोष्ट तर आमच्या सासरी अजून सांगतात. कारखाना बंद होऊन काही वर्षं झाली होती. आम्ही मुलाचं घर बघायला गेलो. सासूबाईंनी खास पाहुण्यांसाठी नवा संच काढला होता, निळ्या फुलांचा. अण्णांच्या हातात कप आला. त्यांनी तो उचलला, नखाने टकटक केलं, आणि बशीसकट परत ट्रेमध्ये ठेवून म्हणाले, "हा बाद आहे. दुसरा द्या." सासूबाईंचा चेहरा असा पडला की मला जमिनीत शिरावंसं वाटलं. आईनं पटकन आपला कप अण्णांपुढे केला आणि तो "बाद" कप स्वतः घेतला. लग्न झालं, निभावलं. तो कप मात्र पुढे माझ्या सासऱ्यांनी कितीतरी वर्षं वापरला. रोज त्यात उकळता चहा ओतला जाई आणि त्याला काही होत नसे. ते मी रोज बघत होते, आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नाही.

आता तो उन्हाळा. माझी बारावीची परीक्षा होऊन गेली होती. निकाल लागेपर्यंत काही काम नव्हतं, म्हणून अण्णांचा डबा मीच घेऊन जायची आणि तिथेच कडुलिंबाखाली रेंगाळायची. बरण्यांचा हंगाम ऐन भरात होता. दुकानदारांना कैऱ्या बाजारात यायच्या आत माल लागायचा. त्यातच कोळसा बदलला. नेहमीचा मिळेना म्हणून दुसरीकडून आणला होता, त्यात दगड फार. सगळे कुरकुर करत होते. रंगनाथकाका म्हणाले, "येऊ द्या. भाजून दावतो."

रंगनाथकाका दिंडोरीकडचे, घराणं कुंभाराचं. गावाकडे त्यांचे वडील मडकी भाजायला आवा लावत, हे कारखान्याची भट्टी लावू लागले. गोल, घुमटाची, माणसं आत उभी राहून माल रचतील एवढी मोठी भट्टी. दार विटांनी चिणून वरून माती लिंपली की ते तिच्यापासून हलत नसत. धग लागून त्यांच्या भुवया विरळ झाल्या होत्या. माणूस हसरा. आमच्या कॉलनीची होळी त्यांच्या हातूनच पेटायची. दुसऱ्या कुणी काडी लावली तर ती धड पेटत नाही, असा आम्हा पोरांचा समज होता. त्यांची बायको, आमच्या सुमनमावशी, आमच्या शेजारच्याच खोलीत राहायच्या.

नव्या कोळशावरची पहिली भट्टी उघडली आणि अण्णांची डावी बाजू भरत गेली. एरवी गाड्याची एखादी खेप व्हायची, त्या दिवशी गाडा येऊन जाऊन थकला. भिंतीकडून फुटण्याचा आवाज दुपारभर येत राहिला. पुढची भट्टीही तशीच. त्यापुढचीही. मॅनेजर ऑफिसातून बाहेर येऊन उभा राहिला. रंगनाथकाका टॉवेलनं मान पुसत एकेक बरणी हातात घेऊन आत डोळा लावून बघत होते. चीर दिसत नव्हती. पण चीर दिसत नाहीच, म्हणून तर अण्णा होते.

पेंढ्यात माल बांधणाऱ्या बायकांमध्ये एक गंगूबाई होती, तोंडाची तिखट. ती एकदा म्हणाली, "ओ अण्णा, ही तर चांगली वाजतेय की."

अण्णा तिच्याकडे न बघता म्हणाले, "गंगूबाई, कान धुवून ये आधी."

सगळे हसले. मीही हसले. मीही ती बरणी ऐकली होती, मला ती बरी वाजल्यासारखी वाटली होती, पण अण्णांच्या कानापुढे माझ्या कानाची काय किंमत? असं सगळ्यांनीच स्वतःला सांगितलं असेल. शिवाय पलीकडे पिंपांचा घडघडाट, कोण पैजेवर सांगणार?

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तो सगळ्यांसमोर एवढंच म्हणाला, "रंगनाथ, तुम्ही शब्द दिला होता." पण सगळ्यांसमोर म्हणाला. काकांना भट्टीवरून काढून ट्रक भरायच्या कामावर घातलं. अण्णा त्या दिवशी घरी येऊन जेवले नाहीत. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, हे मला सांगायलाच हवं. "चांगल्या माणसाची भट्टी बसली," असं ते पुन्हापुन्हा म्हणत होते. पुढे हंगामाचा माल कमी पडला, दुकानदारांनी पाठ फिरवली आणि दिवाळीच्या आसपास कारखान्याला कुलूप लागलं. तेव्हा प्लास्टिकच्या बरण्या घरोघर आल्या होत्या, काचेच्याही आल्या होत्या. कारखाना आज ना उद्या बंद पडणारच होता, असं मी स्वतःला समजावते. ते खरंही आहे. पण या खऱ्याचा आधार घेताना मला जास्तच ओशाळं वाटतं, कारण कॉलनीत तेव्हा कुणी प्लास्टिकला बोल लावला नव्हता. लोक म्हणायचे, रंगनाथनं भट्ट्या घालवल्या. पाण्याच्या नळावर सुमनमावशींना बायका ते ऐकवायच्या. त्या हंडा भरून खाली मान घालून निघून जायच्या. पुढच्या होळीला पोरं बोलवायला गेली तर काका घराबाहेर आले नाहीत. नंतर कुणी बोलावलंही नाही. ते सातपूरला एका वर्कशॉपवर वॉचमन म्हणून लागले.

अण्णांच्या कानाचं मला कळलं ते खूप उशिरा. टीव्हीचा आवाज वाढत वाढत शेजाऱ्यांपर्यंत गेला तेव्हा मी त्यांना बळेच डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीण तरुण होती. तपासून झाल्यावर तिनं विचारलं, "आजोबा मशीनपाशी काम करायचे का? बारीक, उंच आवाज फार पूर्वीच गेलेत यांचे. घंटी, पक्षी, काचेची किणकिण. माणसांचं बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून पत्ता लागत नाही." अण्णा हसून म्हणाले, "बाई, माझ्या कानावर कारखाना चालायचा. तुमचं यंत्र दाखवून घ्या कुणाला तरी." रिक्षात बसल्यावर मला आठवलं, आमच्या कॉलनीत चिमण्या राहिल्या नाहीत अशी अण्णांची किती जुनी तक्रार होती. चिमण्या होत्या. खिडकीत घरटंही होतं. बरणीचा खणखणाट असाच हळूहळू जात असताना वाईट कोळसा आला, आणि जे ऐकू येत नव्हतं त्याचा ठपका अण्णांनी मनातल्या मनात कोळशावर ठेवला असणार.

त्या वर्षी कैऱ्या आल्या. आई बरणी धूत होती. मी जवळ गेले आणि बोटाचं पेर वाकवून तिच्या पोटावर टकटक केलं. स्वच्छ, लांबवर जाणारा आवाज आला.

"आई, ही तडकलेली नाहीये."

"माहितीये," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्याच वर्षापासून. आपली जुनी बरणी फुटली होती, म्हणून हिच्यात भरलं. पाझरेल म्हणून खाली परात ठेवली होती. परात कोरडीच राहिली."

"मग बोलली का नाहीस कुणाला?"

आईनं बरणी पालथी घातली. पाणी निथळू दिलं. मग म्हणाली, "कारखाना तोवर बंद झाला होता. कुणाला सांगू? तुझ्या बापाला? त्या माणसाकडे काय आहे दुसरं? शिक्षण नाही, पैसा नाही. कान आहे. तो काढून घेऊ?"

"आणि रंगनाथकाका?"

"सुमन रोज दिसायची मला नळावर," आई म्हणाली, आणि बरणी उन्हात न्यायला उचलली.

तेव्हा मी ठरवलं होतं की आपण जाऊन सांगायचं. सातपूर काही लांब नाही, बस आहे, स्कूटर आहे. पण आधी अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं, मग मुलीचं कॉलेज, मग काहीतरी. खरं कारण हे नव्हतं. काकांना सांगायचं म्हणजे ते कधीतरी अण्णांसमोर निघणार, आणि मला ते बघायचं नव्हतं. दर वर्षी लोणचं घालताना मी म्हणायची, यंदा नक्की. लोणचं मुरायचं, संपायचं, पुढचा हंगाम यायचा. मधल्या काळात सुमनमावशी गेल्या. मी भेटायला गेले, काकांशेजारी सतरंजीवर बसले, पाणी प्यायले आणि परत आले. माणूस आपल्या बापाला वाचवतोय असं म्हणत स्वतःलाच किती वाचवत असतो, हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होतं.

यंदा कॉलेजातली दोन मुलं आली. एक मुलगी, एक मुलगा. नाशिकच्या जुन्या कारखान्यांवर छोटी फिल्म करत होती. त्यांच्या तोंडी "वारसा" हा शब्द सारखा येत होता. त्यांना जुन्या कामगारांचं बोलणं हवं होतं आणि दाखवायला कारखान्याची एखादी वस्तू. कुणाकडून तरी आमचा पत्ता लागला, तसाच रंगनाथकाकांचाही. मुलांनी परस्पर दोघांना आमच्या घरी एकत्र बसवायचं ठरवून टाकलं. मला कळलं तोवर काका बसमध्ये बसले होते.

काका वाळलेत. पण भुवया दाट झाल्यात. अण्णांना बघून त्यांनी वाकून हात जोडले, अण्णांनी त्यांना पाठीत थोपटलं, दोघं शेजारी बसले. मुलीनं समोर मोबाइल लावला. अण्णा खुलले. माती कशी यायची, दळायची कशी, झिलई कशी चढवायची, सगळं सांगत सुटले. मग मुलगा म्हणाला, "आजोबा, ती वाजवून कशी बघायचात ते दाखवाल?"

आई स्वयंपाकघरात होती. बरणी उन्हात ठेवायला काढलेली, रिकामी, दाराशीच होती. मुलानं ती उचलून अण्णांपुढे ठेवली. मी "अहो, ती नको" असं काहीतरी म्हणाले, पण तोवर अण्णांनी तिला तोंडाशी धरून जरा उचललं होतं. टिपरी नव्हती, मुलीनं पेन दिलं. अण्णांनी वाजवलं. आवाज खणखणीत निघाला आणि खोलीभर राहिला.

"ऐकलंत?" अण्णा मोबाइलकडे बघून म्हणाले. "बद्द. ही शेवटच्या हंगामातली. आत चीर आहे, दिसणार नाही. पण कानाला कळते."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. "पण आजोबा, ही तर..."

"चहा ठेवते. साखर घेता ना तुम्ही दोघं?" मी मध्येच म्हणाले. मला माझाच आवाज ऐकून किळस आली.

अण्णांनी पुन्हा वाजवलं. "रंगनाथ, तू सांग. बद्द आहे की नाही?"

रंगनाथकाकांचे कान अजून चांगले आहेत. ते बरणीकडे बघत होते. मग अण्णांकडे बघितलं, आणि त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाले, "व्हय अण्णा. बद्द हाय."

"बघा," अण्णा मुलांना म्हणाले. "हा भट्टीचा माणूस, हाही सांगतोय." मग त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि जे म्हणाले ते त्या मोबाइलमध्ये आहे. "याचा दोष नव्हता पोरांनो. कोळसा वाईट होता. माणूस चुकतो कधी कधी. मी याला कधी बोल लावला नाही." माझ्या वडिलांनी मोठ्या मनानं त्या माणसाला माफ केलं. काका मान डोलावत ऐकत होते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते आणि आई आतून बाहेर आली नाही.

मुलं गेली. काकांना बस थांब्यापर्यंत सोडायला मी बरोबर निघाले. वाटेत मी तोंड उघडायचा प्रयत्न करत होते. थांब्यावर आल्यावर काका सावलीत उभे राहिले आणि त्यांनीच आधी तोंड उघडलं.

"ताई, ती बरणी त्याच भट्टीची ना?"

"हो काका."

"लोनचं घालता तिच्यात? पाझरत नाय?"

"नाही."

"म्हंजे बरी भाजली व्हती," ते म्हणाले. "लय बरी भाजली व्हती. त्या दगडं भरलेल्या कोळशावर." त्यांच्या तोंडावर हसू आलं, ते त्यांनी टॉवेलनं पुसलं. मग म्हणाले, "हे सुमनला ऐकवाया पायजे व्हतं. तिनं लय ऐकून घेतलं माझ्यापायी. दोन वरीस आधी कळलं असतं, तर मी तिला घेऊन आलो असतो तुमच्याकडं, म्हनलो असतो, वाजवून बघ."

मी बस येतेय का ते बघायला रस्त्याकडे वळले.

"अण्णांना नको सांगू," काका म्हणाले. "आता काय करायचं सांगून. म्हातारपण हाय."

"बरं."

सातपूरची बस वळणावर दिसली. काकांनी पिशवी खांद्याला लावली. माझ्या तोंडाकडे बघून त्यांना माझी दया आली असावी, कारण त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"अण्णांच्या कानाचं तुला बी आजच कळलं ना पोरी? वाईट नको वाटून घेऊ. बापाचं हाय, तुझा काय दोष?"

बस थांबली. दार उघडलं. काका उत्तरासाठी थांबले होते.

"हो काका," मी म्हणाले. "आजच कळलं."